लहान मुलाचा कान रात्री ठणकू लागला तर : काय पाहावे, काय करावे आणि कोठे थांबावे

लक्षणे

चार-पाच दिवसांची सर्दी आता ओसरत आली असे वाटत असतानाच रात्री एक-दोनच्या सुमारास मूल किंचाळून उठते. खांद्यावर उभे धरले की ते जरा शांत होते, आणि अंथरुणावर आडवे करताच पुन्हा रडू लागते. बोलता येणारे मूल कानावर हात ठेवून दाखवते. बोलता न येणारे बाळ एकाच बाजूचा कान ओढते, डोके उशीवर घासते आणि अंगावर पिताना दोन-चार घोट घेऊन तोंड सोडून रडते, कारण गिळताना कानातील दाब बदलतो व ठणका वाढतो. ताप असतोच असे नाही. काही मुलांना उलटी होते किंवा शी पातळ होते, आणि मग घरातील सर्वांचे लक्ष पोटाकडेच जाते. हाक मारली तर मूल वळून पाहत नाही. काही वेळा सकाळी अभ्र्यावर पिवळसर, चिकट डाग दिसतो आणि मूल मात्र रात्रीपेक्षा बरेच शांत असते.

नुसते कान ओढणे म्हणजे कानाचे दुखणे नव्हे. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला आपल्याला कान आहेत याचा नुकताच शोध लागलेला असतो आणि झोप आली की ते कानाशी खेळते. सर्दी नाही, ताप नाही, दूध नीट पिते आहे, झोपही लागते आहे, अशा वेळी कान ओढण्याकडे दुर्लक्ष करावे.

एका तालुक्याच्या गावातील मुलांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षे परिचारिका म्हणून काम केले, आणि माझ्या धाकट्या मुलाचा कान तो तीन वर्षांचा होईपर्यंत पाच वेळा दुखला. त्यामुळे हे दुखणे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. सकाळी दवाखान्यात येणाऱ्या अशा मुलांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते : रात्री दुखणे थांबवण्याचे औषध दिलेले नसते किंवा फार कमी दिलेले असते, आणि कानात मात्र तेल घातलेले असते. खरे तर याच्या नेमके उलट व्हायला हवे. औषध तोंडातून पुरेसे द्यावे, आणि कानात काहीही घालू नये. पुढील सर्व मजकूर या दोन वाक्यांभोवतीच फिरतो.

दुखणे का होते, हे थोडक्यात सांगते. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. कानातील हवेचा दाब सारखा ठेवणे आणि आतला ओलावा घशाकडे वाहून नेणे हे तिचे काम असते. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते, तर लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साठते, त्यात जंतू वाढतात आणि पडदा आतून ताणला जातो. आडवे झाल्यावर सूज व दाब वाढतो, म्हणून हा ठणका रात्रीचा. सहा महिने ते दोन वर्षे या वयात तो सर्वांत जास्त आढळतो.

पहिली तपासणी : वाट पाहण्याजोगे आहे का?

हिला पैसे लागत नाहीत, वेळही एक मिनिट लागतो, आणि नेमकी हीच विसरली जाते. दिवा लावून मुलाचा चेहरा आणि दोन्ही कानांची मागची बाजू नीट पाहावी. कानामागचे हाड सुजलेले, लाल किंवा हात लावताच दुखणारे आहे का? एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे ढकलल्यासारखा दिसतो का? रडताना तोंड एका बाजूला वाकडे होते का? मान ताठ आहे का, मूल गुंगीत आहे का, झटका आला का, तोल जातो आहे का, उलट्या थांबत नाहीत असे आहे का? यांपैकी एकही खूण असेल तर पुढचे वाचत बसू नये. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी रुग्णालयात जावे, आणि वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. जंतुसंसर्ग मधल्या कानातून मागच्या हाडात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत गेल्याच्या या खुणा असू शकतात. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा तासांचा हिशेब असतो.

तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर कान दुखतो की नाही हा प्रश्नच गौण ठरतो. त्या बाळाला त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे आणि तोपर्यंत तापाचे औषधही स्वतःच्या मनाने देऊ नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाचा कान दुखत असल्याची शंका असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

दुसरी तपासणी : दुखणे कानातलेच आहे का, आणि कानाच्या कोणत्या भागातले?

कानाच्या भोकासमोर जो लहानसा मऊ उंचवटा असतो तो बोटाने हलकेच दाबावा आणि कानाची पाळी अलगद ओढून पाहावी. एवढ्यानेच मूल कळवळले तर दुखणे बहुधा पडद्याच्या अलीकडचे, म्हणजे बाहेरच्या नळीचे असते. पोहायला जाणाऱ्या किंवा कानात काडी घातलेल्या मुलांत ते दिसते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. दाबून काहीच फरक पडला नाही आणि नुकतीच सर्दी होऊन गेलेली असेल, तर पडद्यामागच्या दुखण्याची शक्यता जास्त.

मग तोंडात पाहावे. किडलेली दाढ, सुजलेल्या गाठी, घशाची लाली यांचे दुखणेही कानात जाणवते. कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर सूज असेल तर ते गालगुंड असू शकते. दाढ येत असल्यानेही मूल कान ओढते, पण दात येण्यामुळे मोठा ताप येत नाही. ‘दात येताहेत म्हणून ताप’ या समजुतीपायी कितीतरी कान दोन-दोन दिवस तसेच राहिलेले मी पाहिले आहेत.

तिसरी तपासणी : विजेरीने कानाच्या तोंडाशी पाहणे

मोबाइलचा उजेड पुरतो. कानाची पाळी किंचित मागे घेऊन फक्त डोळ्यांना दिसेल तेवढेच पाहावे. पडदा घरी दिसत नाही, आणि तो पाहण्यासाठी बाजारात मिळणारे कॅमेऱ्याचे कानकोरणे रडणाऱ्या मुलाच्या कानात घालणे धोक्याचे आहे.

हरभरा, वाटाणा, चिंचोका, मणी यांपैकी काही दिसले तर काढायला जाऊ नये. चिमटा घसरतो आणि वस्तू आत सरकते. पाणीही घालू नये, कारण कडधान्य फुगते. घड्याळातील किंवा खेळण्यातील बटणासारखी बॅटरी कानात गेल्याची शंका असेल तर त्याच क्षणी निघावे. ती काही तासांत आतली त्वचा भाजून काढते, आणि त्यात कोणतेही थेंब घातले तर नुकसान वाढते.

जिवंत किडा गेला असेल आणि मूल त्याच्या फडफडीने घाबरले असेल, तर या एकाच प्रसंगी आजीच्या तेलाला जागा आहे : कान पूर्वी कधी वाहिलेला नसेल व त्यात शस्त्रक्रियेने नळी बसवलेली नसेल, तर गरम न केलेल्या साध्या खोबरेल तेलाचे काही थेंब घातले की किडा मरतो आणि फडफड थांबते. मेलेला किडा बाहेर काढण्याचे काम मात्र सकाळी डॉक्टरांवर सोडावे.

तेलाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण बहुतेक घरांत भांडण तिथेच होते. लसूण तडतडवलेले गोडेतेल, ओव्याचे तेल, कांद्याचा रस, आईचे दूध : हे सर्व मी मुलांच्या कानात पाहिले आहे. पडद्यामागच्या दुखण्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही, कारण मध्ये पडदा असतो. पडद्याला भोक पडलेले असेल तर ते पोहोचते, पण मग जंतूंनाही वाट मिळते. गरम तेलाने भाजलेली कानाची नळी मी दोनदा पाहिली. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, तेलकट ओल्या कानात बुरशी धरते. शिवाय सकाळी डॉक्टर कानात पाहतात तेव्हा त्यांना पडद्याऐवजी तेलाची चकाकी दिसते, आणि मग निदान अंदाजाने करावे लागते. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे की अंगाला हवे तेवढे तेल लावा, कानात आणि नाकात घालू नका. सासूबाईंना हे कसे सांगावे, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः डॉक्टरांकडून सांगवले.

दुकानातून आणलेले किंवा मागच्या वेळचे उरलेले कानाचे थेंबही याच कारणाने घालू नयेत. काही थेंबांत अशी प्रतिजैविके असतात की पडदा फुटलेला असताना ती आतल्या कानापर्यंत गेली तर ऐकण्याला इजा होऊ शकते. पडदा शाबूत आहे हे कोणी तरी पाहिल्याशिवाय थेंब नाहीत.

पहिला उपाय : दुखणे थांबवणे, आणि मापाने

पॅरासिटामॉल हे घरात असायलाच हवे असे औषध आहे. ते तापाचे औषध म्हणून ओळखले जात असल्याने ‘ताप नाही, मग कशाला’ असे म्हणून पालक ते देत नाहीत, आणि मूल रात्रभर ओरडत राहते. ते वेदनेचेही औषध आहे. ताप नसला तरी द्यावे.

माप वयावर नव्हे, वजनावर ठरते : एका वेळी दर किलोमागे १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत. खरी चूक होते ती बाटलीत. आपल्याकडे हेच औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळते. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम हवे असेल, तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर पुरतात. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सुमारे सहा मिलिलिटर लागतात. आणि पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे तीन. ‘सहा मिलिलिटर’ एवढेच लक्षात ठेवून कोणी ड्रॉप्सच्या बाटलीतून तेवढे दिले तर चौपट मात्रा जाते आणि यकृताला धोका होतो. उलट ‘दीड मिलिलिटर’ लक्षात ठेवून पातळ सिरप दिले तर औषधाचा काहीच उपयोग होत नाही, आणि मग ‘हे औषध आमच्या मुलाला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून बाटलीवरचा आकडा दरवेळी वाचावा, औषध बाटलीसोबतच्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे, आणि स्वयंपाकघरातला चमचा तिथेच राहू द्यावा. मुलाचे शेवटचे वजन आणि त्यानुसारचे माप कागदावर लिहून औषधाच्या डब्यात ठेवले की रात्री दोन वाजता गणित करावे लागत नाही.

सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे ते नकळत दोनदा जाऊ शकते. त्या मिश्रणांनी कानाचे दुखणे बरेही होत नाही, म्हणून ती बाजूला ठेवलेलीच बरी. आयबुप्रोफेन वेदनेवर चांगले चालते, पण सहा महिन्यांच्या आत ते देत नाहीत, आणि उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झालेले असताना किंवा डेंग्यूची शंका असताना ते घातक ठरू शकते. डॉक्टरांनी आपल्या मुलासाठी आधी माप लिहून दिले असेल तरच वापरावे. अॅस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे, तरीही जुन्या डब्यात त्याची बाटली निघते. ती टाकून द्यावी. यकृताचा आजार असलेल्या किंवा फार अशक्त मुलाला मात्र पॅरासिटामॉलही विचारूनच द्यावे.

औषधाला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ काढण्यासाठी पुढचा उपाय.

दुसरा उपाय : शेक, बसणे आणि नाक

सुती फडके तव्यावर किंचित गरम करून, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि मग कानावर बाहेरून धरावे. पाच-दहा मिनिटे पुरेत. झोपलेल्या मुलाच्या कानाखाली गरम पिशवी ठेवून देऊ नये. त्याला चटका सांगता येत नाही. काही मुलांना शेक नकोसा वाटतो आणि गार फडके आवडते. त्यात शास्त्र शोधू नये. मुलाला जे बरे वाटते ते करावे.

मुलाला छातीशी टेकवून बसते धरावे. वर्षाच्या आतील बाळाच्या डोक्याखाली झोपेत उशा रचू नयेत, कारण त्याने श्वास कोंडू शकतो. एवढ्या लहान बाळाला जाग्या माणसाच्या अंगावरच उभे धरावे. दूध थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे दुकानात मिळणारे साधे थेंब पाजण्यापूर्वी व झोपण्यापूर्वी दोन-दोन घालावेत. याने कान बरा होत नाही, पण नाक मोकळे झाले की बाळाला पिता येते आणि झोपता येते. गरम पाण्याची वाफ मात्र देऊ नये. पातेले उलटून भाजलेली मुले पाहिल्यावर मी तो उपाय कायमचा सोडला.

कान वाहू लागला तर

पडदा ताण सहन न होऊन फुटतो, पू बाहेर येतो आणि दुखणे एकदम थांबते. पालक घाबरतात किंवा ‘बरे झाले’ म्हणून दवाखाना टाळतात, दोन्ही चूक. असे भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येते, पण ते भरले का हे कोणी तरी पाहावे लागते, आणि वाहणाऱ्या कानाला सहसा औषध लागते. म्हणून एका दिवसाच्या आत दाखवावे. तोपर्यंत बाहेर आलेला स्राव स्वच्छ फडक्याने टिपावा. काडीला कापूस गुंडाळून आत घालू नये आणि कापसाचा बोळाही घट्ट बसवू नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवून पाणी अडवावे व नंतर काढून टाकावा. दोन आठवड्यांहून अधिक वाहणारा कान ‘सर्दी झाली की वाहतो’ म्हणून सोडून देऊ नये.

किती वाट पाहायची?

हे दुखणे बहुतेक मुलांत दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते. प्रतिजैविके पहिल्या चोवीस तासांत वेदना फारशी कमी करत नाहीत, म्हणून ‘रात्रीच ॲण्टिबायोटिक चालू करा’ असा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. मूल दोन वर्षांपेक्षा मोठे आहे, ताप ३९ अंशांच्या, म्हणजे १०२.२ फॅरनहाइटच्या खाली आहे, औषधाने दुखणे आटोक्यात येते आहे, ते पितेखाते आहे आणि कान वाहत नाही, अशा वेळी अठ्ठेचाळीस तास घरी थांबता येते. दोन वर्षांखालील मुलाला दुसऱ्या दिवशी दाखवून घ्यावे. थांबायचे असेल तर ते डॉक्टरांनी कान पाहून ठरवावे.

घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जाण्याची वेळ अशी : अठ्ठेचाळीस तासांत उतार नाही, योग्य मापाचे औषध देऊनही मूल शांत होत नाही, ताप ३९ अंशांवर गेला, दोन्ही कान दुखतात आणि मूल दोन वर्षांच्या आतले आहे, आठ तासांत लघवी झालेली नाही, कानाला मार लागला आहे, तोंडातील टाळू दुभंगलेली आहे, कानात नळी किंवा श्रवणयंत्राचे रोपण आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार आहे. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच, तर ते सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे. पाणी घालून तयार केलेल्या बाटलीतले उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात : दुखणे कधी सुरू झाले, सर्वांत जास्त ताप किती होता, आणि कोणते औषध किती मिलिलिटर किती वाजता दिले.

पुन्हा पुन्हा दुखत असेल तर

सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान दुखला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का, हे घरी कळत नाही. त्याआधी घरातल्या काही सवयी तपासण्यासारख्या आहेत. बाटली तोंडात देऊन बाळाला आडवे झोपवणे सर्वांत आधी बंद करावे, कारण दूध घशातून त्या आडव्या नळीकडे जाते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर बाल्कनीत जाऊन ओढणेही पुरेसे नाही. धूर कपड्यांतून परत येतो. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी आणि बंद खोलीतल्या उदबत्त्याही मी आमच्या घरी बंद केल्या. कान दुखवणाऱ्या एका जंतूपासून वाचवणारी न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांना मोफत मिळते. ती राहून गेली असेल तर विचारावे. सर्दी असताना घाट उतरताना किंवा विमान खाली येताना बाळाला पाजत राहावे आणि मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे, म्हणजे गिळताना नळी उघडते.

दुखणे थांबल्यावरही पडद्यामागचे पाणी काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत राहते. त्या काळात मूल दूरदर्शनचा आवाज वाढवते, ‘काय?’ असे सारखे विचारते, बालवाडीत लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाते. माझ्या मुलाला आम्ही हट्टी समजत होतो. तीन महिन्यांनंतरही असे चालू राहिले, किंवा बोलणे मागे पडते आहे असे वाटले, तर श्रवण तपासणी करून घ्यावी. मुलांची तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्यांच्या तपासायच्या आजारांच्या यादीत कानाचे हे दुखणे आणि कमी ऐकू येणे दोन्ही आहेत. पथक येण्याचा दिवस अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवावा, आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.